गाडीचं पॉलिश घरच्या घरी मशीनने : सामान, पद्धत, शंका

घाटमाथा

मंडळी, गाडीच्या रंगाबद्दल इथे अधूनमधून सुटे प्रश्न येतात, व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून काढतोय. मी पुण्यात राहतो, हौस म्हणून स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या गाड्या करतो, हा माझा धंदा नाही. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पॉलिश करताना आपण गाडीवर काही चढवत नाही, वरचा थर घासून कमी करतो. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट असतो, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर धरले तर कंपनीतून आलेल्या गाडीवर बहुतेक वेळा १०० ते १४० मायक्रॉन. डोक्याचा केस ७० च्या आसपास. म्हणजे ज्या थरावर मशीन चालवणार तो केसापेक्षा बारीक, आणि गेला की गेला, बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीतून तो परत येत नाही. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, जाड कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त कापणारी घासायची पेस्ट) आणि लोकरीच्या पॅडने तीन-चार सहज जातात. त्यामुळे दर दिवाळीला सर्व्हिसिंगबरोबर 'रबिंग पॉलिश' करून घेणाऱ्यांनी जरा विचार करावा, गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असेल तर हा हिशेब जड जातो.

आता उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक रेघा दिसतात त्या. रेघा खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांनी वेड्यावाकड्या असतात, उजेड ज्या रेघांवर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात म्हणून सूर्याभोवती किंवा टॉर्चभोवती वर्तुळं केल्यासारखी वाटतात. येतात कुठून? सोसायटीत सकाळी एकाच बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात तिथून. कोरडी धूळ असताना फडकं मारलं की प्रत्येक कण क्लिअर कोटवर ओढला जातो. ही सवय बदलायची नसेल तर मशीन घेऊच नका, महिन्याभरात रेघा परत येतील आणि क्लिअर कोट फुकट गेलेला असेल.

सामान. नवख्या माणसाने डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्यावं. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मधल्या अक्षाभोवतीही घुमतं, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही आणि रंग जळायची भीती फार कमी. गॅरेजमध्ये असतं ते रोटरी, एकाच अक्षावर गरागरा फिरतं, कापतं भराभर पण हात बसलेला नसेल तर कडेवर रंग उडवतं आणि पुढे होलोग्राम सोडतं, म्हणजे उन्हात लाटांसारखे पट्टे दिसतात ते. डीए पाच-सात हजारांपासून मिळतात, इटलीच्या रुपेससारखी मशिनं कित्येक पटीने महाग आहेत, हात दुखत नाही आणि काम लवकर होतं हा फरक खरा, पण घरच्या एका गाडीसाठी साधं डीए पुरतं. बॅकिंग प्लेट, म्हणजे मशीनची ज्यावर पॅड चिकटतो ती चकती, पाच इंची घ्या. फोम पॅड कटिंगचे दोन, पॉलिशिंगचे तीन-चार, फिनिशिंगचे दोन. पॅडवर काटकसर नको, पॅड तापतो, कंपाउंड आणि निघालेल्या रंगाच्या भुकटीने भरतो आणि मग कापायचं सोडून चिकटायला लागतो. कंपाउंड एक मध्यम, पॉलिश एक बारीक. चांगले मायक्रोफायबर, मास्किंग टेप, आणि एक जोरदार एलईडी टॉर्च, टॉर्चशिवाय काय चाललंय ते कळतच नाही.

तयारीत निम्मा वेळ जातो आणि जाऊ द्यावा. शाम्पूने दोन बादल्यांत धुवायचं, एक साबणाची आणि एक हात खळबळायची. मग आयर्न रिमूव्हर, ब्रेकच्या धुळीतले किंवा रेल्वे लाइनजवळ गाडी उभी राहत असेल तर तिथले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात, त्यावर हे मारलं की जांभळं होऊन ओघळतं. वास भयंकर, मोकळ्यावर करा. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने. मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओला ठेवून, हलक्या हाताने. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावर फिरवा, खरखर लागली तर क्ले अजून बाकी आहे. क्ले खाली पडला तर फेकून द्या, धुवून परत वापरू नका.

मग टेस्ट स्पॉट. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखायचा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात, बारीक पॉलिश आणि पॉलिशिंग पॅड. नवीन पॅडला आधी कंपाउंड सगळीकडे चोळून घ्या, नंतर दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब बास. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून पसरवा, नाहीतर भिंतीपर्यंत शिंतोडे. स्पीड सहापैकी चार-पाच, हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर, आधी आडवं मग उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. पुसा, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी मिसळून फवारा आणि परत पुसा, कारण कंपाउंडमधलं तेल रेघा बुजवून ठेवतं आणि आठवड्याने त्या वर येतात. टॉर्च मारून बघा. सत्तर-ऐंशी टक्के गेल्या असतील तर थांबा. नाही गेल्या तरच एक पायरी जाड कंपाउंडकडे जा. एकदा जोडी ठरली की सगळी गाडी त्याच जोडीने.

कडा, बॉडीलाइन, दाराच्या टोकाशी क्लिअर कोट पातळ असतो, तिथे टेप लावूनच चालवा. बंपर प्लास्टिकचा, त्यात उष्णता पसरत नाही, तिथे स्पीड कमी. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार हवा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम, एप्रिल-मेमध्ये कंपाउंड दोन मिनिटांत सुकतं आणि धूळही फार.

विचारा काय विचारायचं ते.

---

टँकरचं_पाणी

घाटमाथा, एकदम सविस्तर, धन्यवाद! माझी काळी सेकंडहँड सेडान आहे, आमच्या सोसायटीत वर्षातले सहा महिने टँकर आणि बाकी बोअरवेल, रेघांपेक्षा पांढऱ्या गोल डागांनी जास्त हैराण केलंय. काचेवर तर आहेतच पण छतावर आणि डिकीवर पण. शाम्पूने ढिम्म हलत नाहीत. हे पॉलिशने जातील का?

---

घाटमाथा

ताई, लगेच पॉलिश नको. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत, आम्लात विरघळतात. साधं पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून मायक्रोफायबर भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. सावलीत, गार पत्र्यावर. एवढ्याने गेले तर क्लिअर कोट वाचला. डाग गेला पण उजेडात कडेने खड्डा दिसतोय असं असेल तर पाण्याने वरचा थर खाल्लाय, तिथे पॉलिश लागेल आणि खोल असेल तर पूर्ण जाणारही नाही, तसाच सोडा. कबुतरं-वटवाघळांच्या शिटेचं असंच, तासन् तास उन्हात राहिली की रंगात घर करते.

---

चाकणची_रंगशाळा

मी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये प्रोसेसला काम करते, त्यामुळे थोडी भर घालते. घाटमाथांनी थर सांगितलेत ते बरोबर आहेत. सगळ्यात खाली ईडी कोट असतो, बॉडी पूर्ण टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवतात आणि १७० अंशांच्या आसपास भाजतात, गंजापासून खरं रक्षण तोच करतो. मग प्रायमर, मग बेस म्हणजे रंग, मग क्लिअर, आणि क्लिअर साधारण १४० अंशांवर भाजला जातो. तेव्हा बॉडीवर ना वायरिंग असतं ना रबर ना प्लास्टिक.

आता तुमची गाडी ठोकली आणि दार बाहेर रंगवून घेतलं तर? तिथे पूर्ण जोडलेली गाडी असते, १४० ला भाजताच येत नाही, म्हणून हार्डनर घातलेलं टू-के क्लिअर मारतात आणि बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास वाळवतात. म्हणजे एकाच गाडीवर दोन वेगळे क्लिअर असतात आणि दोन्ही पॉलिशला वेगवेगळे वागतात. बॉनेटवर ठरवलेली जोडी रंगवलेल्या दारावर चालेलच असं नाही, तिथे वेगळा टेस्ट स्पॉट घ्या. नुकतंच रंगवलेलं असेल तर रंगवणाऱ्याला विचारून काही आठवडे थांबा.

हे कळायला पेंट थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं यंत्र, वापरा. पॅनेलवर चार-पाच ठिकाणी रीडिंग घ्या. सगळीकडे ११०-१२० आणि एका दारावर २५० आलं तर ते दार परत रंगवलंय. चारशे-पाचशेच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. सेकंडहँड गाडी घेतानाही कामाला येतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. साधं गेज सगळ्या थरांची बेरीज दाखवतं, त्यातला क्लिअर किती ते सांगत नाही. आणि ते धातूवरच चालतं, प्लास्टिक बंपरवर नाही. ८०-९० च्या खाली रीडिंग असेल तर मी तिथे कंपाउंड लावणार नाही.

आणखी एक, युव्ही रोखणारी रसायनं क्लिअरमध्येच मिसळलेली असतात. थर पातळ झाला की खालचा रंग उन्हाला उघडा पडतो. छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे येऊन पापुद्रे निघतात ना, ती गाडी पॉलिशच्या पलीकडे गेली. तिथे मशीन लावलं तर चट्टा मोठा होतो. तो पॅनेल रंगवणं हा एकच उपाय.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, मस्त माहिती दिली राजेहो. आमच्या इथं अकोल्यात एक जण साध्या ग्राइंडरला फोम पॅड लावून करते, हजार रुपयात गाडी चमकवून देते. माझ्याकडं पण ग्राइंडर हाये घरी. चालन काय? आन टूथपेस्टनं स्क्रॅच जाते मनतात ते खरं हाये काय?

---

घाटमाथा

ठेचा भाऊ, ग्राइंडर अजिबात नको. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, पॉलिशचं रोटरी ६०० ते ३००० मध्ये चालवतात आणि तेही अनुभवी माणूस बऱ्याचदा पंधराशेच्या वर जात नाही. फोम फाटून तोंडावर येईल किंवा कडेचा रंग एका सेकंदात जाईल. हजार रुपयात चमकते ती तेलाने चमकते, दोन धुण्यांनी बघा.

टूथपेस्टमध्ये अपघर्षक असतं म्हणून हलकी रेघ पुसट होते हे खरं, पण ते दातांसाठी बनवलंय, कण किती मोठे याचा गाडीच्या दृष्टीने काही भरवसा नाही, आणि सुकल्यावर फटींत पांढरं बसतं ते वेगळंच. दीडशे-दोनशे रुपयांत कंपाउंडची छोटी ट्यूब मिळते, तीच घ्या.

स्क्रॅचसाठी नखाची कसोटी : नख आडवं फिरवा, अडकलं तर स्क्रॅच खोल आहे, पॉलिशने पूर्ण जाणार नाही, कडा फक्त मऊ दिसतील. तिथे कलर कोड बघून टचअप पेंट.

---

किनारपट्टी

रत्नागिरीहून. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने धो धो पाऊस, गाडी उघड्यावर. गंज लागू नये म्हणून पॉलिश करून घ्या असं दोघांनी सांगितलं. उपयोग होतो का?

---

चाकणची_रंगशाळा

पॉलिशचा गंजाशी संबंध नाही. खडी उडून जिथे टवका गेलाय आणि पत्रा उघडा पडलाय तिथून गंज शिरतो, ते टवके आधी टचअपने बुजवा. बाकी दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात ती चिखलाने बुजली नाहीत ना बघा, चाकांच्या कमानींच्या आतून पाणी मारा. पावसाळ्याआधी वॅक्स किंवा सीलंट चढवलंत तर मीठ-चिखल धुताना पटकन सुटतो, रंगाला तेवढा फायदा नक्की आहे.

---

काळीपिवळी

माझा विषय थोडा वेगळा. वडिलांची पद्मिनी आहे, मरून रंगाची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हापासून आमच्या गाडीकडे लोक वळून वळून बघतात, थांबवून फोटो काढतात, म्हणून ती नीट राखावी असं फार वाटतं. हिच्यावर क्लिअर कोट नाही, रंग तोच वरचा थर. ऑक्सिडेशन होऊन खडूसारखी दिसायला लागली होती. अशा गाड्या करणाऱ्यांसाठी लिहितो.

सिंगल स्टेज आहे की नाही ते ओळखायला पांढऱ्या फडक्याला थोडं पॉलिश लावून कोपऱ्यात चोळा, फडक्यावर गाडीचा रंग आला तर सिंगल स्टेज. पॅडही रंगणार, तो मेलेला रंग निघतोय, घाबरायचं नाही. पण पॅड फार लवकर भरतो, दर पॅनेलला ब्रशने साफ करावा लागतो आणि मधे बदलावाही लागतो. आधी नुसत्या हाताने, तेलकट ग्लेझ भरपूर लावून रात्रभर तसंच ठेवलं आणि मग पुसून मशीन धरलं तर रंग जास्त खुलतो असं मला दिसलंय, वाळकं लाकूड तेल पितं तसा जुना रंग ते पितो. जाड कंपाउंडला मी हातच लावला नाही. मडगार्डच्या उंचवट्यावर आणि बॉनेटच्या मधल्या घडीवर आधीच्या मालकाने घासून घासून प्रायमर दिसायला आणलाय, तिथे टेप लावून सोडून दिलं. मूळ रंग आहे तोवर राहू दे, परत रंगवलेल्या पद्मिन्या खूप आहेत.

---

घाटमाथा

काळीपिवळी, फोटो टाका हो! मूळ रंग राखलात हे फार चांगलं केलंत.

---

स्टुटगार्टवासी

वाचतोय, छान चाललंय. इथला अनुभव : जर्मन गाड्यांचा क्लिअर बहुतेक कडक लागतो, होंडा-टोयोटाचा, त्यातही काळा, अगदी मऊ. कडक रंगावर बारीक पॉलिशने काही हलत नाही, मायक्रोफायबर कटिंग पॅड लागतो. मऊ रंगावर उलट दुखणं, रेघा पटकन जातात पण पुसताना फडक्याने नवीन पडतात आणि कटिंग पॅडने धुरकट होतो, त्यामुळे शेवटची फेरी फिनिशिंग पॅडने करावीच लागते. टँकरताई, काळी गाडी आहे तर हे लक्षात ठेवा.

आणि दाबू नका. डीएवर जोर दिला की पॅडचं फिरणं थांबतं, नुसतं थरथरतं, काम शून्य. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा, चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे. वक्र भागावर पॅड सपाट टेकत नाही तिथे हमखास थांबतं.

इथे बऱ्याच गावांत घरासमोर गाडी धुवायला बंदी आहे, साबण आणि तेलाचं पाणी जमिनीत जाऊ नये म्हणून, मग नाणी टाकून चालणाऱ्या वॉश बॉक्समध्ये धुवून गॅरेजपर्यंत आणायची आणि वाटेत बसलेली धूळ परत पुसायची, असा उद्योग.

---

नवी_गाडी_नाशिक

डिलिव्हरीच्या वेळी टेफ्लॉन कोटिंग घ्या म्हणून मागे लागलेत, नाहीतर सिरॅमिक, नाइन एच कडक, स्क्रॅच येतच नाही म्हणतात. घ्यावं का? आणि नवीन गाडीला पॉलिशची गरज असते?

---

चाकणची_रंगशाळा

नवीन गाडीला शक्यतो मशीन लावू नका. यार्डात उभी असताना कोरड्या फडक्याने पुसलेली असेल तर रेघा असतात, तेव्हा डिलिव्हरीआधी 'पुसू नका, नुसतं पाणी मारा' असं स्पष्ट सांगा.

तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं, गाडीवर तसं काही होत नाही. गाडीवर त्या नावाने येतं ते व्यवहारात एक सीलंट समजा, काही महिने पाणी घरंगळतं. नाइन एच हे पेन्सिलीच्या कसोटीचं माप आहे, वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली कोटिंगवर ओढून बघतात. हिऱ्या-नीलमण्याच्या कडकपणाचं मोजमाप वेगळं, विकणारे दोन्ही एकात मिसळतात. सिरॅमिक चांगलं असतं, धुणं सोपं होतं, चमक टिकते, रसायनं आणि शिटेला जरा जास्त वेळ तग धरते, पण वाळूच्या कणाने रेघ पडायची ती पडतेच. खडी आणि स्क्रॅच रोखायचे तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्मचा थर, आणि तो महाग. मॅट रंग असेल तर वरचं सगळं विसरा, त्याला पॉलिश केलं की तिथे चकाकी येते आणि ती काढता येत नाही.

---

दोन_हजार_ग्रिट

सगळे फार घाबरवताय. दोन हजारच्या ओल्या पॉलिशपेपरने घासून मग कंपाउंड केलं की आरशासारखं होतं, ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) पण जाते. शोमधल्या गाड्या तशाच करतात.

---

घाटमाथा

शोच्या गाडीवर त्यासाठी मुद्दाम क्लिअरचे जास्त थर चढवलेले असतात आणि ती गाडी रोज कात्रजच्या उन्हात उभी राहत नाही. कंपनीच्या ४० मायक्रॉनवर सँडिंग करून ऑरेंज पील सपाट करायची म्हणजे उंचवटे खड्ड्यांच्या पातळीला आणायचे, त्यात केवढा थर जातो याचा अंदाज घ्या, वर कागदाच्या रेघा काढायला कंपाउंड परत लागतंच. एखाद्या टचअपच्या थेंबाला, छोट्या ब्लॉकने, तीन हजारने, गेज जवळ ठेवून करा, तिथे मी पण करतो. पूर्ण बॉनेटला नाही. यावर माझं मत ठाम आहे.

---

टँकरचं_पाणी

व्हिनेगरने छतावरचे बरेचसे डाग गेले! डिकीवर मात्र कडा दिसतायत. डीए मागवलं, प्लेटवर रेघ मारून बॉनेटच्या कोपऱ्यात टेस्ट स्पॉट केला, बारीक पॉलिश आणि पॉलिशिंग पॅडनेच रेघा गेल्या पण तिरकं बघितलं की हलका धुरकटपणा आहे. तो फिनिशिंग पॅडने जाईल ना? आणि पॅड कसे धुवायचे, बोअरच्या पाण्यात धुतले तर चालतील?

---

घाटमाथा

अगदी बरोबर चाललंय. तेच पॉलिश, फिनिशिंग पॅड, स्पीड एकने कमी, दाब फक्त मशीनच्या वजनाचा, आणि पुसायला नवीन धुतलेलं जाड मायक्रोफायबर, त्याची शिवणीची कड कापून टाका. डिकीच्या कडा बारीक पॉलिशच्या दोन फेऱ्यांनी जेवढ्या जातील तेवढ्या जाऊ द्या, बाकी राहू देत, तो खड्डा तळापर्यंत घासायचा म्हटलं तर आजूबाजूचा सगळा क्लिअर उतरवावा लागेल.

पॅड कोमट पाण्यात, थोडा लिक्विड साबण घालून लगेच धुवा, कंपाउंड सुकू देऊ नका. बोअरचं पाणी धुवायला चालेल, शेवटचं खळबळणं मात्र आरओच्या नाहीतर एसीच्या पाण्याने. पिळू नका, दाबून पाणी काढा, मशीनला लावून बादलीत धरून फिरवलं तर उरलेलंही उडतं. वाळवताना फोमची बाजू खाली, वेलक्रो वर, सावलीत. उन्हात ठेवले तर चिकटवलेला थर सुटतो.

गाडी धुतल्यावर पाणी अंगावर वाळू देऊ नका, टॉवेलने लगेच टिपा, तुमच्या पाण्याला तर हे रोजचंच. आणि ताई, डिकीला हात लावण्याआधी एकदा रीडिंग घ्यायला हवं, गाडी सेकंडहँड आहे असं तुम्ही मागे लिहिलं होतं. माझं गेज शनिवारपर्यंत मोकळं आहे, कोथरूडला येणं होणार असेल तर व्यनि करा, घेऊन जा.